एक धरा, एक सोडा

मैत्रिणींनो, सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. खरे उत्तर द्यायचे हं! गेल्या एक जानेवारीला तुम्ही काय काय ठरवले होते, ते आज आठवते का?

माझे सांगते. माझ्याकडे हिशेबाची एक जुनी वही आहे. तिच्या मागच्या पानांवर मी दरवर्षी नव्या वर्षाची यादी लिहीत असे. २०२४ ची यादी अशी होती: रोज पहाटे पाऊण तास फिरणे. चहातली साखर बंद. इंग्रजी बोलण्याचा सराव. माळा आवरणे. झोपण्यापूर्वी दहा पाने वाचन. मुलीवर न ओरडणे. अक्षर काय सुरेख काढले होते म्हणून सांगू! फिरणे संक्रांतीपर्यंत टिकले. साखरबंदी तिळगुळात विरघळली. माळ्याकडे मी वर्षभर मान वर करून पाहिलेही नाही. आणि मुलीवर न ओरडण्याचा नियम तर दोन जानेवारीलाच, शाळेच्या रिक्षाने दारात भोंगा वाजवला तेव्हा, मोडला.

अशी यादी मोडली की मनाला एक बारीक रुखरुख लागते. 'आपल्या हातून काही होतच नाही' असे वाटू लागते. दिवसभर घर, शाळा, बाजार, पाहुणेरावळे सगळे आपण बिनचूक करतो, तरीही! मला वाटते, दोष आपल्या मनोनिग्रहाचा नाही. दोष यादीचा आहे. ठरवावे कसे, हेच आपण विसरलो आहोत. आपल्या आज्यांना ते चांगले येत होते.

आजीच्या लाख वाती

माझी आजी चातुर्मासात नेम धरायची. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी. एका वर्षी तिने लाख वातींचा नेम धरला होता. लाख! मी लहान होते. मला वाटायचे, ही आता म्हातारी होईपर्यंत वातीच वळत बसणार. पण आजी शाळेत जेमतेम चौथीपर्यंत गेलेली असली तरी हिशेबाला पक्की. चार महिने म्हणजे साधारण १२० दिवस. लाखाला १२० ने भागले की रोजच्या ८३३ वाती. त्यातही अडीअडचणीचे दिवस येणार, म्हणून ती रोज हजारांचा एक जुडगा वळायची. तो डब्यात गेला की त्या दिवसाचे काम संपले. लाखाची काळजी ती करायचीच नाही.

त्या वर्षी तिने आणखी एक केले होते. दुपारी शेजारणींबरोबर ओसरीवर पत्त्यांचा डाव रंगायचा, तो चार महिने बंद. कारण विचारले तर म्हणाली, "अगं, वाती वळायला हात कुठून आणू? हात दोनच आहेत ना!"

हे वाक्य मला कळायला पुढची तीस वर्षे जावी लागली.

तुम्ही व्रतवैकल्ये करत असाल किंवा नसाल. मीही फार करत नाही. पण त्या जुन्या नेमाची बांधणी जरा न्याहाळून पाहा. एक तर त्याला मुदत असते. जन्मभराचे ओझे कुणी खांद्यावर घेत नाही, चार महिने म्हणजे चार महिने. दुसरे, त्यात काही धरतात तसे काही सोडतातही. कुणी कांदा-लसूण सोडते, कुणी एखादी आवडती भाजी. तिसरे, तो चारचौघांत बोलून दाखवतात. पूजेला बसल्यावर गुरुजी संकल्प सांगतात, तेव्हा काय काय उच्चारतात आठवा. आपण कुठे आहोत, आजची तिथी कोणती, आपण कोण, आणि हे कशासाठी करतो आहोत. मग तळहातावरचे पाणी ताम्हनात सोडायचे. आणि शेवटी असते उद्यापन. नेम पुरा झाला, आता चार माणसांना जेवू घाला आणि मोकळे व्हा.

माझ्या जानेवारीच्या यादीत यातले काही म्हणजे काही नव्हते. मुदत नाही, सोडणे नाही, कुणाला सांगणे नाही आणि शेवट तर नाहीच नाही. होते फक्त सुवाच्य अक्षर.

मेतकुटाची गोष्ट

आता माझ्यावर काय प्रसंग आला ते सांगते. आम्ही कऱ्हाडला राहतो. माहेर चिपळूणचे. मध्ये कुंभार्ली घाट. आई २०१७ साली गेली. दादा, म्हणजे माझे वडील, निवृत्त प्राथमिक शिक्षक. तिथे एकटेच राहतात. भाऊ पुण्याला आहे, पण दादा घर सोडायला तयार नाहीत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचा पूर गावात शिरला, तेव्हा आमच्याही घरात पाणी आले. शेजाऱ्यांनी दादांना वरच्या मजल्यावर नेले म्हणून ते वाचले. आईची लोखंडी ट्रंक मात्र खालीच राहिली. त्यात तिची वही होती. शिवणाची मापे, लोणच्या-मसाल्यांची प्रमाणे, कुणाचे बारसे कधी झाले, सगळे त्यात लिहिलेले. चिखलातून ट्रंक काढली तेव्हा वहीचा नुसता लगदा उरला होता.

"जाऊ दे गं, माणसं वाचली," असे आम्ही एकमेकांना म्हटले. ते खरेच होते.

पुढे दादांना ऐकू येणे कमी होत गेले. कानाचे यंत्र आणले, तर ते टेबलाच्या खणात पडून असते. त्यात नुसती घरघर होते म्हणतात. मी रोज संध्याकाळी फोन करायची. एका हातात झारा, खांद्यावर फोन. "जेवलात का?" "बरं आहे, बरं आहे. मुलं ठीक ना? ठेवू?" पुरते एक मिनिटही नाही. कर्तव्य झाले म्हणून मी फोन ठेवायची आणि भाजी परतायची.

२०२४ च्या जूनमध्ये एका रविवारी मी मेतकूट करायला घेतले. डाळी निवडून ठेवल्या आणि तांदळाचे प्रमाण काही आठवेना. फोन लावला. ओरडून विचारले, "दादा, आई मेतकुटाला तांदूळ किती घ्यायची?"

दादा म्हणाले, "हो हो, पाऊस चांगला आहे."

मी हसले. आमचे हेही हसले. मग मी स्वयंपाकघरात येऊन ओट्यापाशी उभी राहिले, आणि माझे हसू कुठच्या कुठे गेले. आईची वही पुरात गेली होती. आता त्या वहीतले जे काही उरले होते, ते फक्त या एका माणसाला ठाऊक होते. आणि त्याच्यापर्यंत माझा आवाज पोहोचत नव्हता.

काय थांबेल, काय थांबणार नाही

त्या रात्री मी हिशेबाची वही काढली. जानेवारीच्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहिला: 'हे पुढच्या वर्षी केले तर चालेल का?' माळा? चालेल. इंग्रजी? चालेल. साखर? डॉक्टरांनी तंबी दिलेली नाही तोवर चालेल. बघता बघता सारी यादी 'चालेल'ने भरून गेली. जे पुढच्या वर्षावर टाकून चालणार नव्हते, ते यादीत नव्हतेच!

मैत्रिणींनो, इथेच आपण चुकतो. संसारात जे ओरडते त्याच्याकडे आपण आधी धावतो. कुकर शिट्टी देतो, दाराची बेल वाजते, मोबाइल टुणटुणतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र बहुधा गप्प बसलेली असते. ती तक्रार करत नाही, म्हणून तिला बरे चालले आहे असे आपण धरून चालतो. माझ्या बाबतीत ते दादा होते. तुमच्या बाबतीत ती तुमची स्वतःची गुडघेदुखी असेल, अर्धवट राहिलेली परीक्षा असेल, वयात आलेल्या मुलीशी बोलायचे राहून गेलेले काही असेल. वरचा प्रश्न आपापल्या यादीला लावून पाहा. उत्तर आपोआप वर येते.

माझे ठरले. दादांना ऐकू येत नाही, पण चष्मा लावून ते वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. तेव्हा पत्र लिहायचे. त्या वर्षी आषाढी एकादशी १७ जुलैला, बुधवारी होती. म्हणून दर बुधवारी एक पत्र, कार्तिकी एकादशीपर्यंत. कॅलेंडरवर मोजले, सतरा बुधवार येत होते. प्रत्येक पत्रात घरची खुशाली आणि आईबद्दल एक प्रश्न. एकच, जास्त नाही. दादा शिक्षक आहेत, एका वेळी एकच प्रश्न सोडवायची त्यांची शिस्त.

मग सोडायचे काय?

धरायचे तर ठरले. पण आजीचे हात आठवले. बुधवारी संध्याकाळचा अर्धा-पाऊण तास आणायचा कुठून? आपल्याला वाटते, थोडे लवकर उठू, थोडे उशिरा झोपू, होईल कसेतरी. हे 'कसेतरी'च घात करते. आधीच काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी पाणी कसे मावेल?

म्हणून मी बुधवारचा रात्रीचा साग्रसंगीत स्वयंपाक सोडला. बुधवारी फक्त मुगाची खिचडी, पापड आणि ताक. आता हे लिहायला सोपे, पण आमच्या घरी रात्री पोळी-भाजी, आमटी-भात असा शिरस्ता. सासूबाईंना सांगितले, तेव्हा त्या जरा गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "आणि बुधवारी कुणी आलं गेलं तर?"

"तर त्यांनाही खिचडी, आई," मी म्हटले. म्हणताना माझा आवाज थोडा कापला, खोटे कशाला सांगू? पण कारण मी लपवले नाही. दादांना पत्र लिहायचे आहे, चार महिने, दर बुधवारी, असे सगळ्यांसमोर जेवणाच्या वेळी स्पष्ट सांगितले. यांनी कॅलेंडरवर बुधवारांना खुणा केल्या. मुलीने विचारले, "पोस्टाची पेटी अजून असते?"

मनातल्या मनात ठरवलेल्या गोष्टीला पळवाट असते. बोलून दाखवली की घर साक्षीला उभे राहते. तिसऱ्या बुधवारी मी शाळेच्या वह्या तपासत बसले होते. अर्धवेळ शिकवत असले तरी वह्या मात्र पूर्णवेळ येतात! तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "आज बुधवार ना? खिचडी मी टाकते. तू पत्राला बस. आणि माझा नमस्कार लिही."

आनंदीबाई जोशींचे उदाहरण मला इथे आठवते. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो अवघा दहा दिवस जगला. त्या दुःखातून डॉक्टर व्हायचे त्यांनी ठरवले. पण ते मनात ठेवले नाही. १८८३ साली बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात त्यांनी जाहीर भाषण करून आपण अमेरिकेला का जातो आहोत हे लोकांना सांगितले. या देशात स्त्री डॉक्टरांची फार गरज आहे हे सांगितले, आणि आपण जशा हिंदू म्हणून जातो तशाच परत येऊ हेही सांगितले. म्हणजे काय धरणार आणि काय सोडणार नाही, दोन्ही! १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळवली. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, त्या गेल्या. आपले संकल्प एवढे मोठे नसतात. पण 'कशासाठी' हे मोठ्याने उच्चारण्याचे बळ त्यांच्याकडून जरूर घ्यावे.

लाल शाईचे उत्तर

पहिल्या दोन पत्रांना उत्तर आले नाही. मी थोडी हिरमुसले. पण नेम पत्र लिहिण्याचा होता, उत्तर मिळवण्याचा नव्हता. तिसऱ्या आठवड्यात पाकीट आले. उघडून पाहते तो आत माझेच पहिले पत्र! 'आशिर्वाद असावा' या शब्दांखाली लाल शाईची रेघ आणि समासात टीप: 'शी दीर्घ. मराठी शिकवतेस ना?' खाली एक ओळ: 'मेतकूट: हरभऱ्याची डाळ दोन वाट्या, तांदूळ एक, उडीद डाळ अर्धी, गहू पाव. डबा गिरणीत मीच नेत असे, म्हणून ठाऊक.'

मी ते पत्र हातात धरून घरभर फिरले. सासूबाईंना दाखवले, शेजारच्या वहिनींना दाखवले. दादा घरातल्या कुठल्या गोष्टीकडे लक्ष देत नाहीत, असे आई जन्मभर म्हणत आली होती!

मग पत्रे येत राहिली. आईला त्यांनी प्रथम कुठे पाहिले, माझ्या जन्माच्या रात्री रिक्षा कशी मिळेना, आई कोणती गाणी गुणगुणायची. त्यात मी एक प्रश्न धीर करून विचारला. आईने शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले होते. ते प्रमाणपत्र लहानपणी मी त्याच ट्रंकेत पाहिले होते. मग तिने नोकरी का केली नाही?

उत्तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला आले. लाल शाई नव्हती. 'मी नको म्हटले म्हणून. दोघेही बाहेर गेलो तर घर कोण बघेल, असे तेव्हा वाटले. ती पुन्हा बोलली नाही. माझे चुकले. हे तिला सांगायचे राहून गेले. तू शाळेत जातेस ते बरे वाटते.'

मैत्रिणींनो, त्या आठवड्यात माझा नेम मोडला. बुधवारी खिचडी झाली, कागद समोर घेतला, पण एक अक्षर लिहवेना. आईचा राग आला, तो दादांवर की माझ्यावर ते कळेना. तिला मी कधी विचारले होते? तीही गप्प बसणाऱ्यांपैकीच होती.

त्याआधी एकदा, गणपतीच्या तयारीच्या गडबडीतही एक बुधवार चुकला होता. पण तो चुकला याचे काही वाटले नव्हते. या वेळी मात्र वाटले, संपले आता. आपल्याकडून होत नाही ते नाहीच. जानेवारीतला तो जुना सूर पुन्हा कानाशी आला. पण आजीचा डबा आठवला. ताप आला की तिच्या वाती राहायच्या. बरी झाली की ती राहिलेल्या वातींबद्दल रडत बसायची नाही, त्या दिवसाचा जुडगा वळायची. पुढच्या बुधवारी मी बसले आणि चार ओळी लिहिल्या. 'तुम्ही हे मला सांगितलेत, बरे झाले. मी शाळेत शिकवते ते आईचेच पुढे चालले आहे असे समजा. आशीर्वाद असावा.' शी दीर्घ काढला. दोनदा गिरवला.

उद्यापन

१२ नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी झाली. सतरा बुधवारांत पंधरा पत्रे गेली होती. एखाद्या रविवारी उद्यापन करायचे म्हणून आम्ही सगळे चिपळूणला गेलो. मी दादांच्या प्रमाणाने केलेले मेतकूट नेले होते. गरम भात, वर मेतकूट, तूप. दादांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "हिंग कमी." आईही अशीच म्हणायची, माझ्या प्रत्येक पदार्थाला!

माझी सगळी पत्रे त्यांनी तारीखवार लावून ठेवली होती. त्यांच्याकडून आलेली मी नेली. दोन्ही एकत्र करून नवी वही केली आहे. ती मात्र ट्रंकेत ठेवलेली नाही, वरच्या मजल्यावरच्या कपाटात आहे.

नेम संपला. आता पुढे काय, हे ठरवायला मी मोकळी झाले, आणि मला तेच फार आवडले. मी पंधरवड्याला एक पत्र असे नव्याने ठरवले, पुन्हा चार महिन्यांच्या बोलीने. बुधवारची खिचडी मात्र घरच्यांनी सोडू दिली नाही. ती आता सासूबाईंच्या मालकीची आहे.

तुम्हालाही काही ठरवायचे असेल, तर मोठी यादी करू नका. सात दिवस फक्त पाहा, आपल्या घरात गप्प काय बसले आहे. त्यातले एक निवडा, जे पुढच्या वर्षावर टाकून चालणार नाही. त्याचा दिवस ठरवा, वेळ ठरवा आणि मुदत घाला. चार महिने जड वाटले तर चाळीस दिवस. त्याच्यासाठी काय सोडणार, ते त्याच वेळी लिहा. सोडायचे सापडत नसेल तर धरू नका, कारण ते टिकणार नाही. मग जेवताना सगळ्यांना सांगून टाका. चुकले तर पुढच्या वेळी नुसते त्या दिवसाचे करा. आणि मुदत संपली की काहीतरी गोड करून उद्यापन करा, मग ते वाटीभर शिऱ्याचे का असेना.

आषाढीची वाट पाहायलाच हवी असे नाही. कुठलाही वार चालतो. मला बुधवार लाभला. तुमचा वार कोणता?